फोर्टची पायी फेरी: दुपारी निघा, बोरीबंदरहून निघा

फोर्टमधल्या जुन्या इमारतींची फेरी बहुतेक लोक रविवारी सकाळी सातला गेटवेपासून सुरू करतात आणि दहाच्या सुमारास सीएसएमटीला संपवतात. रस्ते रिकामे असतात, ऊन नसतं, फोटोत टॅक्स्या घुसत नाहीत. एवढे फायदे सोडले तर ही वेळ चुकीची आणि ही दिशाही चुकीची. या भागातल्या ज्या इमारतींसाठी लोक येतात त्यातल्या बहुतेकींची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागून येतो, दर्शनी भिंत सावलीत काळवंडलेली राहते आणि ज्या कोरीव कामासाठी मान वर करायची तेच दिसत नाही.

तोंडं पश्चिमेला असण्यामागे कारण आहे. गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात, १८६० च्या दशकात, किल्ल्याची तटबंदी पाडली गेली. तटाबाहेरचं मोकळं मैदान शहराला मिळालं. हायकोर्ट, विद्यापीठ, जुनं सचिवालय ही मंडळी त्या मैदानाच्या कडेला ओळीनं उभी राहिली. भराव टाकून पुढची जमीन व्हायच्या आधी मैदानापलीकडे थेट समुद्र होता, म्हणून ती समुद्राकडे बघतात. टाउन हॉल, म्हणजे आज एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय असलेली इमारत, त्याहून जुना, पण त्याच्यासमोरही पश्चिमेला मोकळं हिरवळीचं मैदान होतं. सीएसएमटीचा दर्शनी भागही पश्चिमेलाच.

तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दुपारी दोनला सीएसएमटीहून निघायचं आणि अंधार पडताना गेटवेला पोचायचं. सगळे वळसे धरून साडेचार ते पाच किलोमीटर चाल होते. न थांबता चाललात तर सव्वा तास, नीट बघत गेलात तर चार तास. मार्च ते मे दुपारी दोनला निघणं वेडेपणा आहे. तेव्हा साडेतीनला निघून मधला एखादा टप्पा गाळा. ऑक्टोबरलाही तेच लागू.

वार कोणता, हा खरा पेच. रविवारी रस्ते तुमचे, पण दारं बंद. कामाच्या दिवशी दारं उघडी, पण फुटपाथवर माणसांचा लोंढा. पहिल्यांदा जाणाऱ्यानं कामाचा दिवस घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण बाहेरून दहापैकी दहा गुण मिळवणारी ही फेरी आतून बघायची म्हटली की तीन-चार गुणांवर येते, आणि ते तीन-चार गुणही रविवारी मिळत नाहीत.

सीएसएमटी आणि महापालिका

स्टेशनातून बाहेर पडल्यावर इमारतीच्या पायथ्याशीच उभं राहून मान वर करू नका, तिथून काहीच दिसत नाही. भुयारी मार्गानं रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला या. तिथे लोकांनी उभं राहून फोटो काढावेत म्हणून मोकळी जागा केलेली आहे. पूर्ण दर्शनी भाग, मधला घुमट आणि दोन्ही पंख एका नजरेत बसतात ते इथूनच.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं आखलेल्या या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये संपलं. युनेस्कोच्या यादीत ती २००४ मध्ये गेली. बघायचा क्रम असा ठेवा. आधी घुमटावरची स्त्रीमूर्ती, ती म्हणजे ‘प्रगती’. मग तिच्या खालचं घड्याळ. घड्याळाखाली एक रिकामा कोनाडा दिसतो, तिथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर हलवला गेला. मग फाटकाच्या दोन खांबांवरचे सिंह आणि वाघ, म्हणजे ब्रिटन आणि भारत. शेवटी भिंतीवरची गोल चौकटीतली मुखं. त्यात रेल्वे कंपनीच्या साहेबांबरोबर जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय आहेत. ती शोधायला दुर्बीण किंवा मोबाइलचा झूम लागतो.

पिवळसर दगड मालाडच्या खाणींचा. कोरीव काम जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलेलं. पन्हळींना प्राण्यांची तोंडं आहेत, ती नुसती हौस नाही. पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळू न देता लांब फेकणं हे त्यांचं काम. जिथे पन्हळ तुंबली किंवा मोडली, तिथे खालच्या दगडावर काळ्या शेवाळाची उभी पट्टी उतरते. अशा पट्ट्या पुढे फेरीभर दिसतील. कुठल्या इमारतीची निगा राखली जाते आणि कुठली देवाच्या भरवशावर आहे हे त्यावरून पाटी न वाचता कळतं.

आत उपनगरी गाड्यांच्या तिकीटघराचं दालन चुकवू नका. त्याचं छत आणि खांब बघायला वेगळा पास काढावा लागत नाही, लोकलचं तिकीट काढायला गेल्यासारखं जायचं. दुपारी दोनला गर्दी कमी असते. पाचनंतर तिथे मान वर करून उभं राहिलात तर लोक तुम्हाला घेऊनच पुढे जातील. तिपाई लावायची परवानगी नाही, रेल्वे पोलीस लगेच येतात. आणि स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या. पुढच्या दोन तासांत बरं म्हणावं असं मिळेलच याची खात्री नाही.

ज्या फुटपाथवर तुम्ही उभे होतात तिथे पाठीमागे आहे महापालिकेची इमारत. तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. दोन्ही एकाच माणसाच्या, पण स्वभाव वेगळा. स्टेशन आडवं पसरलेलं आहे, महापालिका दोन रस्त्यांच्या बेचक्यात उभी रोवलेली आहे आणि तिचा मनोरा तीक्ष्ण आहे. पुढ्यात फिरोजशहा मेहतांचा पुतळा. शनिवार-रविवारी मार्गदर्शकाबरोबर आत फिरवण्याची सोय २०२१ मध्ये सुरू झाली. सभागृह आणि मुख्य जिना बघायला मिळत असेल तर त्या एका कारणासाठी शनिवार निवडायला हरकत नाही. आधी ऑनलाइन खात्री करून घ्या आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. सभा, निवडणुका, बंदोबस्त यांपैकी काहीही असलं की ती बंद होते.

डी.एन. रोड की बाजारगेट

इथून फाउंटनला, म्हणजे हुतात्मा चौकाला, जायचे दोन रस्ते आहेत. सगळ्या फेऱ्या दादाभाई नौरोजी रस्त्यानं जातात. तो वाईट नाही. दोन्ही बाजूंना इमारतींच्या तळमजल्यावर सलग कमानींचे व्हरांडे आहेत. इमारतीनं तळाशी पादचाऱ्यांसाठी असा व्हरांडा सोडलाच पाहिजे, असा नियम १८९६ चा. प्रत्येक इमारतीची शैली निराळी आणि व्हरांडा मात्र सलग, ही गंमत आहे. पण दुपारी त्या व्हरांड्यात मोबाइलची कव्हरं, पट्टे, पर्फ्यूम यांची दुकानं इतकी दाटलेली असतात की वर बघणारा माणूस दर दहा पावलांनी कुणावर तरी आदळतो. पावसाळ्यात मात्र हाच रस्ता घ्या, छत्री न उघडता फाउंटनपर्यंत जाता येतं.

कोरड्या दिवशी बाजारगेटनं जा. जीपीओच्या, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाच्या, घुमटाकडे एकदा बघून घ्या. जॉन बेगची ही इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली. घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. आत मधल्या गोल दालनात टपालाची साधी खिडकी आहे. पाकीट टाकायचं निमित्त करून कुणीही आत जाऊ शकतं. या फेरीतलं हे सगळ्यात सोपं, फुकट आणि सगळ्यात दुर्लक्षित अंतरंग.

तिथून पेरीन नरिमन स्ट्रीट, म्हणजे जुनी बाजारगेट गल्ली. किल्ल्याला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. हा त्या तिसऱ्याच्या आतला देशी वस्तीचा भाग. डी.एन. रोडवर दिसतात त्या कंपन्यांच्या मिरवायच्या इमारती. इथे दिसते ती दुकान खाली, घर वर अशी लाकडी सज्जांची जुनी चाळवजा बांधणी, बरीचशी टेकूंवर. गल्लीत माणेकजी सेठ अग्यारी आहे, दाराशी पंखवाले मनुष्यमुखी बैल. पारशी नसलेल्यांना आत जाता येत नाही. बाहेरून बघा, दारात घुटमळू नका.

भूक लागली असेल तर गल्लीच्या तोंडाशी पंचम पुरीवाला. पुरी-भाजी, दोन मिनिटांत ताट. पुऱ्या गरम असतात तोवरच त्यांना अर्थ आहे, त्यामुळे बांधून घेऊन फायदा नाही. वडापाव हवा असेल तर स्टेशनसमोर कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीतलं आराम. दोन्हीकडे पोट भरतं, पण चार तास चालायचं आहे हे लक्षात ठेवून अर्ध्यावर थांबा.

गल्लीनं पुढे गेलात की मिंट रोडच्या नाक्यावर रतनसी मुळजी जेठा कारंजं. बहुतेक फेऱ्या ते गाळतात आणि ही त्यांची मोठी चूक आहे. कापसाच्या व्यापाऱ्यानं अकाली गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी १८९४ मध्ये बांधलेलं. आराखडा पुन्हा स्टीव्हन्सचा. वर पुस्तक घेऊन बसलेला मुलगा आहे, खाली हत्ती आणि इतर प्राण्यांची मुखं. अलीकडे दुरुस्ती झाल्यामुळे दगडाचा मूळ रंग दिसतो. भोवती टॅक्स्या, हातगाड्या आणि फोटोत हमखास येणारा एखादा टेम्पो. पलीकडच्या कोपऱ्यावर चार पावलं मागे सरकलात तर कळस मोकळा दिसतो.

हॉर्निमन सर्कल

साधारण तीन-सव्वातीनला इथे पोचलात तर टाउन हॉलवर ऊन तिरपं आणि पूर्ण असतं. खांबांच्या उभ्या खाचा या उन्हातच उठून दिसतात. १८३३ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत थॉमस कूपर या लष्करी इंजिनिअरची. फेरीतल्या बाकी गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी-मनोऱ्यांच्या, घोळक्यात ही एकटी ग्रीक वळणाची. पायऱ्या तीसेक आहेत, चांगल्या रुंद. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली सर्कलच्या बागेत बसावं, हे सांगायला मार्गदर्शक विसरतात.

वर एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. संस्था १८०४ ची. कामाच्या दिवशी नोंदवहीत नाव लिहून आत जाता येतं. लोखंडी वळणदार जिने, उंच छत आणि पुतळे. जगन्नाथ शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा इथेच आहे. बोलू नका, वाचनकक्षात फोटो काढू नका, मोठी बॅग बाहेर ठेवायची तयारी ठेवा. दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं जुनं हस्तलिखित संस्थेकडे आहे, पण ते असं येणाऱ्या-जाणाऱ्याला काढून दाखवत नाहीत. ‘दान्ते दाखवू’ असं कुणी फेरीच्या जाहिरातीत म्हणत असेल तर विचारून घ्या.

सर्कलभोवतीच्या गोलाईतल्या इमारती एकाच आखणीच्या आहेत. कमानींच्या माथ्याच्या दगडावर मुखं कोरलेली आहेत, एकेक वेगळं. व्हरांड्यातून गोल चक्कर मारताना ती डोक्यावर येतात, त्यामुळे दिसत नाहीत. बागेच्या कुंपणाच्या बाजूनं चाललात तर दिसतात. तांबडी इमारत ‘मुंबई समाचार’ची, हे वर्तमानपत्र १८२२ पासून निघतं. बागेतली वडाची झाडंही बघा. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली शेअर दलाल जमत, त्यांची रीतसर संस्था १८७५ मध्ये झाली. आजचा शेअर बाजाराचा मनोरा इथून मागच्या अंगाला दिसतो. रिझर्व्ह बँक आणि टांकसाळ याच टापूत आहेत. त्यांच्याकडे कॅमेरा रोखू नका, शिपाई येऊन फोटो पुसायला लावतात.

वीर नरिमन रस्त्यावर सेंट थॉमस कॅथीड्रल. १७१८ मध्ये उघडलेलं. चर्चगेट स्टेशनला नाव पडलं ते ज्या दरवाजामुळे, त्या दरवाजाला नाव या चर्चमुळे. मुंबईतले जुने मैलाचे दगड अंतर मोजतात ते याच चर्चपासून. आत भिंतींवर संगमरवरी स्मृतिफलक आहेत. तारखा आणि वयं वाचत गेलात तर त्या काळी साहेब लोक इथे किती तरुणपणी मरत ते कळतं. आत थंडावा असतो आणि बसायला बाक. वीस मिनिटं विश्रांतीसाठी यापेक्षा चांगली जागा या रस्त्यावर नाही. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

फाउंटन, म्हणजे हुतात्मा चौक

कारंजं १८६४ चं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ, मूर्तिकाम जेम्स फोर्सिथ, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंड. ते मुळात भायखळ्याच्या राणीबागेसाठी होतं, चौकात नंतर ठरलं. वर्षानुवर्षं त्यावर पांढरा ऑइलपेंट चढवला जात होता. दगड आणि चुना हवेतला ओलावा घेतात आणि सोडतात. वर रंगाचा थर बसला की ओलावा आत कोंडतो, खारी हवा आहेच, आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटतात. २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत ते थर उतरवले, पाणी पुन्हा सुरू केलं, भोवती फरसबंदी मोकळी जागा केली. खोदताना जुन्या ट्रामचे रूळ सापडले. मुंबईतली शेवटची ट्राम १९६४ मध्ये धावली. कारंजं नेहमीच चालू असतं असं नाही, सुकं दिसलं तर हिरमुसू नका, मूर्ती बघायला उलट बरं पडतं.

शेजारीच मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार यांचं स्मारक. संयुक्त महाराष्ट्रासाठी या चौकात २१ नोव्हेंबर १९५५ ला गोळीबार झाला. इंग्रजीतून चालणाऱ्या फेऱ्यांत शॉ आणि फोर्सिथवर दहा मिनिटं आणि हुतात्म्यांवर एक वाक्य, असा हिशेब बऱ्याचदा असतो. चौकाला नाव ज्यांच्यामुळे मिळालं त्यांना एक वाक्य हे कमी आहे. मराठी गटानं फेरी ठरवताना हे आधीच सांगून टाकावं.

एम.जी. रोडवर न्यू इंडिया ॲश्युरन्सची इमारत आहे, १९३६ ची. मास्टर, साठे आणि भुता यांची आखणी आणि ना.ग. पानसरे यांची शिल्पं. स्टीव्हन्सच्या इमारतींवर राण्या, देवता, सिंह. इथे दर्शनी भिंतीवर उभी आहेत ती शेतकरी, कुंभार, सूत कातणारी माणसं, चांगली दोन मजले उंच. पन्नासेक वर्षांत शहराच्या भिंतींवर कोण चढलं ते दाखवायला सीएसएमटी आणि ही, या दोन इमारती पुरेशा आहेत. फेऱ्या काढणारे इथे थांबत नाहीत, तुम्ही थांबा. पुस्तकांसाठी आणि वातानुकूलित हवेसाठी जवळच किताबखाना.

ओव्हल: फेरीचा खरा माथा

चारच्या पुढे हुतात्मा चौकातून पश्चिमेला चालत ओव्हल मैदानावर या. मैदानाच्या मधून आडवी जाणारी पायवाट आहे, चर्चगेटचे चाकरमाने तीच वापरतात. तिच्या मध्यावर उभं राहिलात की पूर्वेला गॉथिक आणि पश्चिमेला आर्ट डेको, म्हणजे १९३० च्या सुमाराची गोलाईची, भौमितिक शैली. साठ-सत्तर वर्षांच्या अंतरानं बांधलेल्या दोन रांगा एकमेकींकडे तोंड करून उभ्या आहेत. या दोन्ही मिळून ९४ इमारतींचा समूह युनेस्कोनं २०१८ मध्ये यादीत घेतला. पाच वाजता पूर्वेकडची रांग उन्हात न्हालेली असते. वेळापत्रकात बाकी काहीही चुकलं तरी चालेल, ही वेळ चुकवू नका.

राजाबाई टॉवर २८० फूट. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, जो मुंबईला कधी आलाच नाही. १८७८ मध्ये पूर्ण. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं. टॉवरच्या कोपऱ्यांवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या २४ मूर्ती आहेत, पगड्यांवरून ओळखायच्या. मैदानावरून नुसत्या डोळ्यांनी त्या ठिपक्यांएवढ्या दिसतात, दुर्बीण आणली असेल तर तिचे पैसे इथे वसूल होतात. आत जाणं विद्यापीठाच्या परवानगीवर आहे. फाटकावर विचारायला हरकत नाही, नकाराची तयारी ठेवा. शेजारचं दीक्षान्त सभागृह कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीचं, १८७४ चं. त्याच्या गोल खिडकीत राशिचक्र रंगीत काचेत आहे, पण ते आतून उजेडाविरुद्ध बघायचं. बाहेरून ती काळी तबकडी दिसते.

डावीकडे हायकोर्ट, कर्नल जेम्स फुलरचं, तेही १८७८ चं. लांबी ५६२ फूट. काळा दगड खडबडीत ठेवलेला, त्यामुळे ते बाजूच्या विद्यापीठाइतकं नाजूक वाटत नाही, किल्ल्यासारखं वाटतं. एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं माकड हातात तराजू घेऊन न्यायदान करतंय, हे प्रसिद्ध कोरीव काम आतल्या बाजूच्या एका खांबावर आहे. ठेकेदारानं कोर्टावरचा राग काढला अशी आख्यायिका सांगतात, आख्यायिका म्हणूनच ऐका. ते बघायला कामाच्या दिवशी, ओळखपत्र दाखवून, तपासणीतून जावं लागतं आणि फोटो काढता येत नाही.

पश्चिमेकडची रांग या वेळी उन्हाविरुद्ध असते, हा दुपारच्या फेरीचा तोटा मान्य करायला हवा. गजानन बाबूराव म्हात्रे यांचं एम्प्रेस कोर्ट, गोलाईचे सज्जे, जिन्याच्या उभ्या खिडक्या, फाटकांवरचं लोखंडी जाळीकाम हे सगळं सकाळी आठ ते दहामध्येच खुलतं. इरॉस सिनेमाचंही तसंच. आर्ट डेकोसाठी वेगळी सकाळ काढा आणि तिला मरीन ड्राइव्ह जोडा. दोन्ही एकाच दिवशी उरकणारी फेरी विकत घेऊ नका, एक बाजू नेहमी अंधारात राहते. मैदानाच्या उत्तर टोकाला चर्चगेटजवळ पश्चिम रेल्वेचं मुख्यालय आहे. तेही स्टीव्हन्सचं, वरच्या मूर्तीच्या हातात चक्क इंजिन आहे.

काळा घोडा

ओव्हलवरून परत एम.जी. रोडवर या. एस्प्लनेड मॅन्शन, पूर्वीचं वॉटसन हॉटेल. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून सुटा आणून इथे जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती भारतात पहिल्यांदा इथे दाखवल्या गेल्या. पुढे आत शेकडो गाळे पाडले गेले, लोखंडावर वजन वाढलं, सज्जे कोसळू लागले आणि २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. खालून जाऊ नका, समोरच्या फुटपाथवरून बघा.

पुढे ओळीनं डेव्हिड ससून ग्रंथालय (१८७०), एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत, आणि वळणावर जहांगीर आर्ट गॅलरी. जहांगीर फुकट, सकाळी अकरा ते सात. पाय दुखत असतील तर हीच जागा. ज्याच्यावरून नाव पडलं तो घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, १९६५ मध्ये राणीबागेत गेला. आता उभा आहे तो स्वाराशिवायचा घोडा २०१७ चा, शिल्पकार श्रीहरी भोसले. आतल्या गल्लीत निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, १८८४ चं. मधे बरीच वर्षं त्याला वेगळाच निळा फासलेला होता. २०१९ च्या दुरुस्तीत मूळ छटा शोधून परत आणली, आतल्या रंगीत काचाही साफ झाल्या. ओळखपत्र लागतं, शनिवारी पाहुण्यांना प्रवेश नाही. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथे कला महोत्सव असतो. तेव्हा इमारती बघायला येऊ नका, माणसांच्या डोक्यांपलीकडे काही दिसत नाही. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारीही या भागातले रस्ते बंद असतात.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सहाच्या सुमारास बंद होतं. या फेरीत ते बाहेरूनच बघा. आतल्यासाठी अर्धा दिवस लागतो आणि थकलेल्या पायांनी ते बघणं म्हणजे तिकीट वाया घालवणं. जॉर्ज विटेटची इमारत १९१४ मध्ये तयार झाली, महायुद्धात लष्करी इस्पितळ झाली आणि संग्रहालय म्हणून १९२२ मध्ये उघडली. नाशिकच्या एका वाड्याचं लाकडी कमानींचं काम विटेटनं आत बसवलं आहे, वेगळ्या दिवशी गेलात तर पहिल्या मजल्यावर शोधा.

रीगल ते गेटवे

रीगलच्या चौकाच्या एका बाजूला पोलीस महासंचालकांचं कार्यालय. ही इमारत खलाशांचं वसतिगृह म्हणून १८७६ मध्ये बांधली, स्टीव्हन्सच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी. समोर रीगल सिनेमा, १९३३, आर्ट डेको, आराखडा चार्ल्स स्टीव्हन्सचा, म्हणजे त्याच्या मुलाचा. बापलेकांच्या इमारती समोरासमोर आहेत आणि तिथे एकही पाटी नाही.

पाटी नसणं हा या सबंध वाटेचा मोठा दोष आहे. जमिनीवर खुणा नाहीत, नकाशाचे फलक नाहीत, इमारतींवरच्या फलकांत एकसारखेपणा नाही. फुटपाथचे पेव्हर ब्लॉक जागोजागी उचकटलेले, उतार अर्धवट, चाकाच्या खुर्चीला हॉर्निमन सर्कल आणि फाउंटनची फरसबंदी सोडली तर कठीणच. म्हणून मार्गदर्शक घेणं पैसे देण्यासारखं ठरतं, पण नोंदवताना चार गोष्टी विचारा. गट पंधराहून मोठा आहे का (मोठा असेल तर हॉर्नच्या आवाजात मागच्याला ऐकू येत नाही), कानाला लावायची यंत्रं देतात का, कुठल्या इमारतींत खरोखर आत नेतात, आणि भाषा कोणती. ताज उलटा बांधला गेला म्हणून वास्तुकारानं जीव दिला, अशी गोष्ट सांगणारा भेटला तर बाकीचंही तपासून घ्या. ताजचं काम रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी.एन. मिर्झा यांनी आखलं, वैद्य मध्येच वारले, डब्ल्यू.ए. चेंबर्सनं पूर्ण केलं आणि १९०३ मध्ये हॉटेल उघडलं. शहराच्या बाजूनं प्रवेश हे मूळ योजनेतच होतं.

गेटवे १९२४ चा, उंची ८३ फूट, पिवळा बेसॉल्ट, पुन्हा विटेट. १९११ मध्ये पंचम जॉर्ज उतरला तेव्हा इथे पुठ्ठ्याची प्रतिकृती होती, पायाभरणी १९१३ ची. बघायचं ते वरच्या दगडी जाळ्यांचं काम. संध्याकाळी तपासणीची रांग लागते, रविवारी ती अर्ध्या तासावर जाते. रांग मोठी असेल तर आत न जाता बागेतल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळून बघा, कमान तिथून उलट पूर्ण दिसते. फोटो काढून हातात कोंबणारे आणि मुलांच्या हातात फुगा देऊन मागे लागणारे, दोघांनाही पहिल्याच वेळी नाही म्हणा.

परत जाताना टॅक्सी गेटवेच्या दारात शोधू नका. रीगलपर्यंत चालत या, तिथे मिळते. लोकलवाल्यांना चर्चगेट किंवा सीएसएमटी टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटं. मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्टेशन चालत वीसेक मिनिटांवर आहे, आणि संध्याकाळी सातला एम.जी. रोड तुंबलेला असेल तर तेच सगळ्यात लवकर पडतं.